मालाडचा देसला आणि त्याची वंशावळ

मालाड, बोरिवली, अंधेरी हीं नांवें उच्चारलीं म्हणजे आज वाचकांच्या डोळ्यांपुढें लोहमार्गावरील गर्दी उभी राहते. परंतु कै. राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ पुन्हां हातीं घेतली, तेव्हां ह्याच साष्टींतील वतनदारांचा जुना दरबार आमच्यासमोर भरला. शके १३७० (इ. स. १४४८) मध्यें मालाडच्या नायकोराव देसल्यास देवीचा दृष्टांत झाला, आणि बुडत चाललेला महाराष्ट्रधर्म राखावा म्हणून केशवाचार्यानें जमलेल्या मंडळीस वंश व कुळाचार सांगितले, असें बखर म्हणते.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं ह्या बखरींतील आपल्या कुळाच्या नांवाखालीं तांबड्या पेन्सिलीनें रेघ ओढून ठेविली आहे. त्यांचा अभिमान आम्हांस समजतो; परंतु तेवढ्यानें वंश सिद्ध होत नाहीं. बखरीप्रमाणें प्रतापबिंबाचें राज्य शके १०६० च्या सुमारास सुरू झालें. इकडे परळच्या इ. स. ११८७ च्या शिलालेखांत शिलाहार अपरादित्य राजा म्हणून उभा आहे, आणि षट्षष्टींतील उत्पन्नांतून वैद्यनाथाच्या पूजेची नेमणूक करीत आहे. राजवाड्यांची प्रस्तावना प्रतिभेनें ओतप्रोत आहे. राज्यें आलीं गेलीं तरी ग्रामस्थ उदासीन कां राहिला, ह्याचा त्यांनीं केलेला विचार मूळ ग्रंथाहूनहि वाचनीय आहे. तथापि कालगणनेच्या बाबतींत त्यांनीं बखरीस फार सांभाळून घेतलें, असें आमचें मत आहे.

मग बखर टाकाऊ काय? मुळींच नाहीं. ती बाराव्या शतकाची साक्ष म्हणून लटकी पडते, पण पंधराव्या शतकाची म्हणून खरी ठरते. राज्य परक्या हातीं गेल्यावर वतन आणि मान गमावण्याचें भय ज्यांस वाटलें, त्यांनीं आपले पूर्वज मोजून ठेविले.

इंग्लंडांतील जुन्या जमीनदार घराण्यांचा शोध घेणारास गांवच्या चर्चमधील थडगीं आणि १५३८ पासूनचीं नोंदपुस्तकें मिळतात. आमच्या देसल्यांस तो आधार अखंड लाभला नाहीं. १५३४ मध्यें साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यांत फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं प्रार्थनामंदिर केलें, वर मठ बांधला. लेण्यांतील एका भिंतीवर कोरलेला क्रूस आजहि दिसतो. कित्येक कुळांनीं धर्म बदलला, नांवें बदललीं, पण शेत व विहीर तींच राहिलीं. बखर ज्यांचे पूर्वज सांगते, त्यांच्यापैकीं कांहींचे वंशज बाप्तिस्म्याच्या वह्यांतच शोधावे लागतील. बखरीचे अभिमानी ह्या वह्यांकडे पाहत नाहींत, आणि वह्या चाळणारे बखरीला हात लावीत नाहींत. तांबडी पेन्सिल घेऊन बसलेल्या आमच्या मित्रांस आम्ही हें सांगितलें, तेव्हां ते क्षणभर गप्प राहिले, मग त्यांनीं विचारलें, “त्या वह्या पाहावयास मिळतील काय?”