धूर की धुकं? : 'शाळा'मधलं प्रेम आणि संशय

मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं होतं, प्रेमाबद्दल शंका असलेल्या शाळकरी वयाची चांगली कादंबरी मराठीत आहे का? मी मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'चं नाव घेतलं, तर लोक हसले. ''सर, तो मुकुंद तर शिरोडकरच्या प्रेमात आकंठ बुडालेला!'' खरं आहे. पण बुडालेल्यालाच पाणी किती खोल ते बघायची घाई असते. म्हणून आज तेच बोलू.

कादंबरी २००४ची, मौजेची. काळ आणीबाणीचा, मुकुंद जोशी नववीत. तिथली मुलं 'प्रेम' हा शब्द सहसा उच्चारत नाहीत, 'लाइन' म्हणतात. मला यात थिल्लरपणा दिसत नाही. मोठा शब्द वापरायचा तर तो सिद्ध करावा लागतो, हे त्यांना कळलेलं असतं.

आता सिद्ध कसं करायचं? न्यायदर्शनात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे. तुम्ही मावळातले लोक. पावसाळ्यात लोणावळ्यातून राजमाचीकडे पाहा आणि सांगा, तो धूर की धुकं? जुन्या तार्किकांनीही हाच धोका दाखवलाय. मुकुंदची सगळी घालमेल ही आहे. ती वळून बघते, हसते; पण माझ्यासाठी का? तो पुन्हा पुन्हा तपासतो. सुऱ्या तपासत बसत नाही. तो केवडाला सरळ विचारतो आणि प्रकरण अंगाशी येतं.

मग मोठ्यांना विचारावं, तर काळ कसला? वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, बोलणारे तुरुंगात. वरून सांगितलेलं मुकाट मानायचं, याचीच सक्ती. अशा वेळी पोराने स्वतःच्या मनालाही 'कशावरून?' विचारावं, याला मी निकोप संशय म्हणतो. तो प्रेमाला मारत नाही, जबाबदार करतो.

पण एक उणीव सांगितली पाहिजे. वर्गात ही कादंबरी शिकवताना एक मुलगी म्हणाली होती, ''सर, शिरोडकरला काय वाटतं हे आपल्याला फक्त जोशीच सांगतो.'' मी तेव्हा 'निवेदनाची मर्यादा' वगैरे बोलून वेळ मारून नेली. आज ते पटत नाही. मुलाची शंका चुकली तर त्याची फजिती होते; मुलीचा विश्वास चुकला तर त्या काळी तिची शाळाच सुटायची. म्हणजे संशयाची खरी गरज तिला जास्त होती. त्या संशयाला पुस्तकात आवाज नाही. शेवटी ती गाव सोडून जाते आणि आपण मुकुंदसाठी हळहळतो.

तरी मी 'शाळा' पोरांच्या हातात देईनच. फक्त वाचून झाल्यावर त्यांना एक काम सांगेन: हीच नववी शिरोडकरच्या बाजूने चार पानं लिहून आणा. मुलांनीसुद्धा. तळेगाव-लोणावळा लोकलमध्ये समोर बसलेल्या मुलीकडे मग ते थोडं वेगळं बघतील, एवढी माझी आशा आहे.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.