पीएच.डी.च्या लॅपटॉपवर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम? आधी तारखा बघा

मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना आपण जे लेख आणि व्हिडिओ बघतो, त्यांचा साचा ठरलेला असतो. इन्स्टॉल किती वेळात झालं, डेस्कटॉप दिसतो कसा, रॅम किती खातो, सॉफ्टवेअर किती ताजं मिळतं. मग निकाल. या परीक्षणांत खोटं काही नसतं, पण ती पहिल्या आठवड्याची परीक्षणं असतात. तुम्हाला त्या मशीनवर पीएच.डी. करायचीय. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे त्याला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, मुदतवाढ वेगळी. समजा चौथ्या वर्षी रिव्ह्यूअर म्हणाला, ही आकृती वेगळा पॅरामीटर घेऊन पुन्हा काढा. दुसऱ्या वर्षी लिहिलेला कोड तेव्हा चालेल का? चालला तर जुन्या आकड्यांशी जुळणारं उत्तर देईल का? संशोधकाने परीक्षण करायचं ते या प्रश्नावर. आणि तो विचारला की लोकप्रियतेचा क्रम बराच बदलतो.

'कोड तोच तर उत्तरही तेच' असं वाटत असेल तर २०१९ मधलं एक प्रकरण बघा. रेणूंच्या एनएमआर शिफ्ट काढायला रसायनशास्त्रज्ञ 'विलोबी-हॉय' नावाच्या पायथन स्क्रिप्ट वापरत होते. हवाई विद्यापीठातल्या एका गटाच्या लक्षात आलं की डेटा तोच, स्क्रिप्ट तीच, पण ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की आकडा बदलतोय. कारण अगदीच साधं निघालं. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइल्सची यादी मागायची आणि ती कुठल्या क्रमाने आली हे तपासायची नाही. तो क्रम प्रत्येक सिस्टीमवर सारखा असेलच असं नाही. दोष स्क्रिप्टचाच, पण २०१४ पासून तो कुणाला दिसला नव्हता, कारण एकाच मशीनवर काम करणाऱ्याला तो दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणजे सिस्टीम किती काळ न बदलता टिकते, हे बघायला हवं. पण ते वचन कोण देतंय हेही बघा. फर्मीलॅब आणि सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांनी मिळून 'सायंटिफिक लिनक्स' सुरू केली होती. ती रेड हॅटच्या सोर्स कोडवरून बनायची. २०१९ मध्ये फर्मीलॅबने ठरवलं की आठवी आवृत्ती आपण काढायची नाही, सेंटओएस ८ वापरायची. तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ चा शेवट ३१ डिसेंबर २०२१ ला. नऊ वर्षांचं एक वर्ष झालं! दोन्ही प्रयोगशाळांनी अखेर २०२२ च्या डिसेंबरात अल्मालिनक्सची शिफारस केली. इतक्या मोठ्या संस्थांची ही गत, तर तुमच्या-माझ्या लॅपटॉपचं काय घेऊन बसलात.

म्हणून माझं पहिलं मत डेबियनला. १९९३ पासून स्वयंसेवक ती चालवतात आणि वादाचे मोठे निर्णय मतदानाने घेतात. मुदत कापायची झाली तर ती एका कंपनीच्या बैठकीत कापली जात नाही. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते (१२ वी जून २०२३ मध्ये आली, १३ वी ऑगस्ट २०२५ मध्ये), आणि प्रत्येकीला तीन वर्षं नेहमीचे व पुढे दोन वर्षं दीर्घ मुदतीचे अपडेट मिळतात. डेबियनवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे 'पॅकेजेस जुनी असतात'. खरंय, असतात. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ आहे आणि शेवटपर्यंत ३.११ च राहणार. सुरक्षेच्या आणि गंभीर बगच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात. परीक्षक याला उणीव म्हणतात. तुम्ही मेथड्सच्या प्रकरणात आवृत्त्या लिहायला बसाल तेव्हा तुम्हाला ते उणीव वाटणार नाही. शिवाय डेबियनचं एक स्नॅपशॉट संग्रहालय आहे. २००५ पासूनची जुनी पॅकेजेस तिथे तारखेनुसार ठेवलेली आहेत, अमुक दिवशी रिपॉझिटरीत काय होतं ते आज उतरवून घेता येतं. परीक्षणांत याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

पण डेबियनची आरती करायची नाहीये. तिची वेबसाइट नवख्याला कुठली इमेज उतरवायची हेच धड सांगत नाही. वायफायचं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये यायला २०२२ चं मतदान लागलं, तोवर कित्येकांनी कंटाळून उबंटू गाठली होती. दीर्घ मुदतीचे अपडेट वेगळा गट बघतो, आणि त्यात प्रत्येक पॅकेज येतंच असं नाही. आणि हे नीट लक्षात घ्या: डेबियन स्थिर ठेवते ते फक्त डेबियनकडून घेतलेलं सामान. पिप किंवा कॉन्डाने जे आणलंत त्याच्या आवृत्त्यांची नोंद तुमची तुम्हीच ठेवायची. डेबियन १२ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने थेट काही टाकू दिलं जात नाही, एरर येतो. पोरं त्या एररवर चिडतात, पण तो तुमच्या भल्याचा आहे. प्रकल्पागणिक वेगळं एन्व्हायर्नमेंट करायची सवय लागते.

उबंटू घ्यायचीच तर दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी एलटीएस घ्या, तिला पाच वर्षं मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. फेडोराची एक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते. लॅपटॉप अगदी नवा असेल आणि डेबियनचा कर्नल त्याला ओळखत नसेल तर जरूर घ्या. आर्च लिनक्सची विकी कुठलीही डिस्ट्रो वापरत असलात तरी वाचा, तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण प्रबंधाच्या मशीनवर आर्च नको. तिथे अर्धवट अपडेट चालत नाही. एक नवं टूल हवं म्हणून सगळी सिस्टीम पुढे सरकवायची, आणि तीही कदाचित सबमिशनच्या आठवड्यात.

आता फ्रीबीएसडी. इथे मला जरा थांबायचंय, कारण हिच्याबद्दल एकतर भक्त बोलतात किंवा कुणीच बोलत नाही. लिनक्समध्ये कर्नल एकाचा, बाकीचं सामान दुसऱ्यांचं, आणि डिस्ट्रो ते एकत्र बांधते. फ्रीबीएसडीमध्ये कर्नल आणि मूळ साधनं एकाच प्रकल्पात, एकाच सोर्समध्ये वाढतात. त्यामुळे तिचं हँडबुक वाचताना समोरच्या पडद्यावर खरोखर तेच दिसतं. झेडएफएस फाइलसिस्टीम आतच आहे. अपडेटआधी चालू सिस्टीमची प्रत 'बूट एन्व्हायर्नमेंट' म्हणून ठेवायची. काही बिघडलं तर सुरू होताना जुनी निवडायची. डेबियनमध्ये इतकं सहज हे मिळत नाही, आणि ते मला खुपतं.

तरीही पहिलं मशीन म्हणून मी ती सुचवणार नाही. स्थिर असते ती तिची मूळ सिस्टीम. पायथन, आर वगैरे पॅकेजेस वेगळ्या वाटेने येतात आणि त्यांची नवी शाखा दर तिमाहीला निघते. म्हणजे आपल्याला जे हलायला नको तेच हलतं. पायपीआयवर लिनक्ससाठी तयार केलेली पॅकेजेस तिच्यावर सरळ चालत नाहीत, एनव्हिडियाचं कुडा अधिकृतपणे तिच्यासाठी नाही, आणि लॅपटॉपचं वायफाय हे तिचं जुनं दुखणं आहे. प्रयोगशाळेत डेटा साठवायला एक पडीक डेस्कटॉप असेल तर मात्र त्यावर फ्रीबीएसडी घालाच.

ओपनबीएसडी सहा महिन्यांनी नवी येते आणि फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात. ब्लूटूथ नाहीच. तुमच्या कामाला ती बसणार नाही, पण तिची मॅन पानं वाचण्यासारखी आहेत. आणि क्लस्टरवर लॉगिन करताना जी ओपनएसएसएच वापराल, ती याच लोकांनी लिहिलीय.

ठरवण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून मशीन चालू करून तीन गोष्टी करून बघा: वायफाय, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, आणि सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर. प्रबंध मराठीत असेल तर चौथी. आयबसमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट घ्या, 'तत्त्व', 'दुष्काळग्रस्त', 'ऱ्हास' एवढे शब्द टाइप करा, आणि झीलेटेकमधून पीडीएफ काढून त्यात ते शोधून सापडतात का बघा.