मोनेच्या चित्रांतील धूर

धुराला आकार नसतो, कडा नसते, स्वतःचा म्हणावा असा रंगही नसतो. तरीही क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९९ ते १९०१ या काळात तीन वेळा लंडनला मुक्काम केला, तो मुख्यतः धुराने माखलेले तेथील धुके रंगविण्यासाठी. थेम्सकाठच्या सॅव्हॉय हॉटेलच्या सज्जातून त्याने वॉटर्लूचा पूल चाळीसहून अधिक वेळा चितारला. पार्लमेंटची इमारत रंगविली ती पैलतीरावरील सेंट थॉमस रुग्णालयातून. हे कॅनव्हास त्याने जिव्हर्नी येथील आपल्या चित्रशाळेत पुरे केले आणि १९०४ मध्ये पॅरिसला त्यांपैकी ३७ चित्रांचे प्रदर्शन भरले.

या चित्रांविषयी लिहिताना ‘स्वप्नवत’ हा शब्द हटकून वापरला जातो. मला तो खटकतो. हे स्वप्न दगडी कोळशाचे होते आणि मोनेला ते ठाऊक होते. १९०० च्या मार्चमधील एका रविवारी सकाळी धुक्याचा मागमूस दिसेना, तेव्हा सारी चित्रे वाया जाणार म्हणून तो हवालदिल झाला. मग हळूहळू शेगड्या पेटल्या, धूर परतला, असे त्याने पत्नीला कळविले आहे. कष्टकऱ्यांच्या छातीला आठवड्यातून एकदा मिळणारी उसंत चित्रकाराला संकट वाटावी, हे विलक्षणच!

एवढ्यावरून त्याला निष्ठुर ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. तीच हवा तोही श्वासावाटे घेत होता; १९०१ च्या मुक्कामात फुफ्फुसावरणाच्या दाहाने तो आजारी पडला. खरा प्रश्न चित्रांपुरताच आहे: या सौंदर्याचा उगम चित्र दाखविते की लपविते?

वॉटर्लूच्या बहुतेक चित्रांत पुलामागे कारखान्यांची धुरांडी उभी आहेत. धूर वर चढतो, वाकतो, आकाशात मिसळतो. गुलाबी-जांभळी छटा कोठून आली, हे आपली नजरच शोधून काढते. पार्लमेंटच्या चित्रांत धुरांडी नाहीत. निळसर मनोरे, नारिंगी सूर्य, पाण्यावर त्याची ठिणगी. धूर तोच, पण त्याचा धनी नाहीसा झाला आहे. ही चित्रे अधिक लोकप्रिय असली, तरी माझ्या मते ती उणी आहेत.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैज्ञानिक अभ्यासात टर्नर आणि मोने यांच्या चित्रांतील वाढता अंधूकपणा हवेतील वाढत्या प्रदूषणाशी जुळत असल्याचे दिसून आले. म्हणजे त्या पुसट कडांत निरीक्षणही होते. त्याच शहरात डिसेंबर १९५२ च्या विषारी धुक्याने हजारो माणसे दगावली. तेव्हाचा अंदाज सुमारे ४,००० चा होता, नंतरचा १२,००० पर्यंत गेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

वॉटर्लूच्या चित्रांपुढे उभे राहिल्यास पुलावरचे रंगाचे बारीक ठिपके अवश्य पाहावेत. ती वाहने आहेत आणि माणसे. मोनेने त्यांना चेहरे दिलेले नाहीत, पण पुलावरून काढूनही टाकलेले नाही.