साध्या नाताळाचं सतरावं प्रकरण

लुइसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'ची (१८६८) सुरुवात कुरकुरीनं होते. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे, बाबा सैन्याबरोबर गेलेत. तिकडे माणसं हाल सोसत असताना यंदा घरात भेटवस्तू नकोत, असं आईनं सुचवलंय. चौघी बहिणींना ते पटतं, पण आवडत नाही. शांता शेळक्यांची 'चौघीजणी' ज्यांनी शाळेत असताना वाचलीय, त्यांना ही संध्याकाळ आठवत असेल.

दुसऱ्या प्रकरणात नाताळची सकाळ येते. मुली तासभर उपाशी थांबल्यात. आई बाहेरून येते आणि सांगते, की जवळच हमेल नावाच्या घरात एक बाळंतीण आहे, सहा पोरं थंडीनं गोठू नयेत म्हणून एकाच पलंगात दाटीवाटीनं बसलीत, घरात ना शेक ना अन्न. आपला नाश्ता त्यांना द्यायचा का? मुली मिनिटभर गप्प राहतात, आणि मग सगळं बांधून निघतात. घरी येऊन दूध-पाव खातात.

ते गप्प मिनिट मला या प्रकरणातलं सगळ्यात खरं वाटतं. ते गाळलं असतं, तर उरली असती ती निव्वळ बोधकथा. अल्कॉटला उपास पुस्तकातून कळलेला नव्हता. १८४३मध्ये तिच्या वडिलांनी 'फ्रूटलँड्स' नावाची आदर्श वसाहत काढली, ती हिवाळ्यात मोडली. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती.

पण याच प्रकरणाशी माझं भांडणही आहे. एक तर मार्च कुटुंब स्वतःला गरीब म्हणवतं, तरी त्यांच्याकडे स्वयंपाकाला हॅना आहे. आणि दुसरं म्हणजे त्याच संध्याकाळी शेजारचे श्रीमंत लॉरेन्स आजोबा आइस्क्रीम, केक, फळं आणि फुलांचे चार गुच्छ पाठवतात. का, तर सकाळची गोष्ट हॅनानं त्यांच्या नोकराला सांगितली. म्हणजे त्यागाची परतफेड चोवीस तासांच्या आत, व्याजासकट. आम्हा ॲपवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर इन्स्टंट कॅशबॅक. दर डिसेंबरात 'साधा सण'वाल्या पोस्टमध्ये जो गोडवा असतो, तो इथूनच आलाय: थोडं सोडा, लगेच जास्त मिळेल.

अल्कॉट तिथंच थांबली असती, तर मी हे लिहिलं नसतं. सतराव्या प्रकरणात हमेल कुटुंब परत येतं. आता नोव्हेंबर आहे, बाबा आजारी म्हणून आई वॉशिंग्टनला गेलीय. हमेलांचं बाळ आजारी आहे. त्यांच्याकडे जाऊन या, असं बेथ बहिणींना सांगते. मेग दमलेली आहे, जोचं लिखाण संपायचंय. शेवटी बेथ एकटी जाते. बाळ तिच्या मांडीवर जातं, आणि ती घरी येते ती स्कार्लेट फीवर घेऊन. त्यातून ती वाचते, पण पूर्वीसारखी धडधाकट कधीच होत नाही. दुसऱ्या भागात तिचा मृत्यू होतो. ग्रेटा गर्विगनं २०१९च्या चित्रपटात बेथचं ते बरं होणं आणि हा मृत्यू शेजारी शेजारी ठेवलेत, त्यामुळे या भेटीची किंमत थेट डोळ्यांसमोर येते.

नाताळच्या सकाळी चौघी गेल्या, कारण चौघी मिळून जाण्यात सणाची मजा होती. नोव्हेंबरात सण नव्हता, आई नव्हती, बघणारं कुणी नव्हतं. मेग आणि जो वाईट नाहीत, त्या फक्त बिझी आहेत. ऑफिसातून रात्री नऊला निघणाऱ्या मला ती सबब अगदी ओळखीची वाटते.

बेत बिघडल्यावर सण साधेपणानं करणं अवघड नसतं. त्या दिवशी सगळं घर एकत्र असतं आणि आपण चांगले आहोत ही ऊबही असते. त्या दिवशी ज्याची आठवण झाली, त्याची चौकशी पुढच्या अकरा महिन्यांत कोण करतं, हा प्रश्न अल्कॉटनं विचारलाय, आणि उत्तर फार लाजिरवाणं दिलंय: घरातलं सगळ्यात शांत, सगळ्यात कमी बोलणारं माणूस.

या डिसेंबरात पुस्तक उघडलंत, तर दुसऱ्या प्रकरणावर थांबू नका.