सहानुभूती, समानुभूती आणि करुणा

इंग्रजीतील 'सिम्पथी' आणि 'एम्पथी' हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने योजले जातात, आणि मराठीत दोहोंसाठी बहुधा 'सहानुभूती' हा एकच शब्द येतो. 'सिम्पथी' हा शब्द जुना. ग्रीक मुळानुसार त्याचा अर्थ सोबतीने सोसणे. व्यवहारात मात्र तो दुसऱ्याच्या दुःखाविषयी बाहेरून वाटणाऱ्या हळहळीपुरता उरला आहे. 'एम्पथी' हा शब्द टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये एका जर्मन संज्ञेसाठी घडविला. दुसऱ्याचा अनुभव आतून जाणणे, हा त्याचा आशय. त्यासाठी 'समानुभूती' हा शब्द आपण वापरू.

हा भेद केवळ शब्दकोशाचा नाही. दलित साहित्याच्या उदयापूर्वी अस्पृश्यांचे जीवन मराठीत आले ते मुख्यतः सहानुभूतीच्या वाटेने. श्री. म. माटे यांच्या 'उपेक्षितांचे अंतरंग'मधील कळकळ खरी आहे. परंतु तेथे पाहणारा एक आणि पाहिला जाणारा दुसरा. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाने हे अंतर मोडले. शीर्षककथेत जात लपवून परगावी राहणारा माणूस स्वतःच बोलतो. दूर उभे राहून हळहळण्याची सोय वाचकाला उरत नाही.

तथापि समानुभूती हेही साध्य नव्हे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच परिसरात, पिंपरीपासून चाकणपर्यंत, आज वाहनांचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यांची रांग आहे. तेथील पॉवर प्रेसवर एखाद्या कंत्राटी कामगाराचे बोट तुटले, असे समजा. सहानुभूती इस्पितळात फळे घेऊन जाते. समानुभूती विचारते : पाळी संपत आली असता, उत्पादनाचा आकडा डोक्यावर असता, त्याचा हात साच्याखाली का गेला? प्रश्न योग्य आहे. पण उत्तर समजूनही प्रेस तसाच चालू राहू शकतो.

येथे धम्माची संज्ञा पुढे जाते. बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त करुणेचे दोन वैरी सांगितले आहेत. दूरचा वैरी क्रौर्य. जवळचा वैरी आसक्तीतून उपजणारा शोक. जवळचा अधिक फसवा, कारण तो करुणेसारखाच दिसतो. बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा यांची सांगड घातली ती म्हणूनच. प्रज्ञा कारण शोधते, करुणा ते दूर करण्यास प्रवृत्त करते. दोन्ही हातांनी एकाच वेळी कळ दाबल्याखेरीज प्रेस चालणार नाही अशी रचना, हात आत जाताच यंत्र थांबविणारा प्रकाशकिरणांचा पडदा, ही करुणेची यंत्रशाळेतील रूपे होत. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना मांडलेल्या विधेयकातून १९४६ चा कारखाना दुरुस्ती कायदा झाला. त्याने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. थकव्याची ती नुसती जाण नव्हती. थकवा कमी करणारी ती तरतूद होती.

म्हणून आपल्या समीक्षेनेही 'लेखकाला सहानुभूती आहे' एवढ्या प्रशस्तिपत्रकावर थांबू नये. लेखक कोठे उभा आहे, हे आधी पाहावे. मग त्याची कृती दुःखाच्या कारणापर्यंत पोहोचते की केवळ अश्रूंपर्यंत, हे तपासावे.