उत्तुंग निवासी इमारतींतील वायुवीजन : एक चिकित्सा

कॅनडातील अनेक उत्तुंग निवासी इमारतींत पंख्याने कॉरिडॉरमधील दाब वाढवून दाराखालच्या फटीतून घरांना ताजी हवा पुरविली जाते. ही पद्धत ‘स्टॅक इफेक्ट’ची, म्हणजे धुराड्यासारख्या ऊर्ध्ववहनाची, पुरेशी दखल घेत नाही. बाहेर उणे २० व आत २० अंश सेल्सिअस तापमान असता ५० मीटर उंचीवर एकूण सुमारे ९० पास्कल दाबफरक संभवतो. थंड हवा तळाशी शिरते, जिने व लिफ्टच्या पोकळीतून वर चढते. खालच्यांची वापरलेली हवा वरच्यांच्या वाट्याला येते. आगीत धूरही त्याच वाटेने पसरतो. पंख्याची शक्ती वाढविल्याने मूळ कारण दूर होत नाही. बाह्य आवरणाबरोबरच प्रत्येक घर हवाबंद विलग करून त्यास स्वतंत्र वायुवीजन देणे, हाच तर्कसंगत मार्ग ठरतो. शुद्ध हवा मजल्यावर अवलंबून असू नये.