‘कोल्हापुरी’ : एका नावाची चिकित्सा

वस्तूला गावाचे नाव मिळते ते बहुधा त्या गावाच्या वेशीबाहेर. मालवण तालुक्यातील तोंडवली येथे घरी कुटलेल्या मसाल्याला ‘मालवणी मसाला’ म्हणण्याचे कारण पडत नाही. तो केवळ ‘मसाला’ असतो. ‘मालवणी’ हे विशेषण त्याला चिकटते ते मुंबईच्या बाजारात, जेथे तो इतरांपासून वेगळा करून सांगावा लागतो. उलट, याच तोंडवलीत ‘कोल्हापुरी’ हा शब्द पुढे ‘चप्पल’ न जोडताही पूर्ण अर्थ देतो. एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास गडनदीची खाडी असलेल्या या पुळणीच्या मुलखात रोजच्या वापराला रबराच्या व्हाणो पुरतात. पावसाळ्याचे चार महिने तर कातड्याला तेथे थाराच नाही. झाडाच्या सालीने कमावलेले कातडे पाणी प्यायले की फुगते आणि सैल पडते. कोल्हापुरी बाहेर निघते ती पाऊस सरल्यावर, लग्नाकार्याला किंवा जत्रेला. घाटावरच्या शेतकऱ्याचे रोजचे पायताण किनाऱ्यावर उतरताना असे समारंभाचे पादत्राण झाले. पाश्चात्त्य पोशाखात चकाकत्या काळ्या बुटांचे जे स्थान, तेच येथे तिला लाभले.

देशी बनावटीच्या उत्तम पादत्राणांचा धंदा जुन्या व नामांकित नावांखाली पुन्हा उभा करावा, असा विचार अलीकडे वारंवार मांडला जातो. त्याची परीक्षा करावयाची तर प्रथम एक प्रश्न विचारला पाहिजे : पुन्हा उभे करावयाचे ते नाव, की नावाने जे सांगितले जाते ते? हा प्रश्न वरवर व्यापाराचा दिसला तरी मुळात अर्थविचाराचा आहे.

पादत्राणांची मराठी शब्दसंपत्ती जुनी आणि विपुल आहे. ‘वहाण’ हा शब्द संस्कृत ‘उपानह्’पासून आला; ‘पायताण’ हे ‘पादत्राणा’चेच बोलभाषेतील रूप. या दोन्ही शब्दांत वस्तू आहे, गाव नाही. गाव येते ते ‘पुणेरी जोडा’ आणि ‘कोल्हापुरी चप्पल’ या जोडनावांत. यांपैकी पुणेरी जोडा हा पगडी-उपरण्याबरोबरचा मानाचा पोशाखी जोडा होता. बुटांच्या प्रसारानंतर तो मागे पडला आणि आता मुख्यतः नाटकाच्या वेषभूषेत व जुन्या वर्णनांतच भेटतो. त्याचे नाव मराठी वाचकाला अजून कळते. परंतु ते ऐकून कोणी दुकानाची पायरी चढत नाही. नाव टिकले म्हणजे धंदा टिकला असे होत नाही, याचे हे उदाहरण घरातलेच आहे.

कोल्हापुरीचे नाव मात्र चालते राहिले आणि त्याच्या पोटात दुसरी बारीक नावेही जिवंत राहिली. कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कचकडी हे तिचे भेद आहेत. त्यांतील ‘कापशी’ हे कागल तालुक्यातील गावाचे नाव असून कोल्हापूरच्या पेठेत तेही एका विशिष्ट घाटाचे नाव बनले आहे. चपलेच्या अवयवांना कान, पट्टा, अंगठा, वेणी ही नावे आहेत. तळ शिवण्याची दोरी ती वादी, आणि ती कातड्याचीच. परंपरागत कोल्हापुरीत खिळा नसतो. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते. रापी, आरी, ऐरण ही हत्यारांची नावे. हा शब्दसंग्रह म्हणजे या धंद्याची अलिखित प्रमाणसंहिताच होय. जो कारागीर ‘वादी’ म्हणतो आणि सुताचा दोरा वापरतो, त्याची चूक त्याच धंद्यातील दुसरा कारागीर शब्दावरूनच पकडू शकतो. ‘कोल्हापुरी’ हे बाहेरचे नाव गिऱ्हाइकासाठी आहे. आतली नावे वस्तूच्या खरेपणाची ग्वाही देतात.

या ठिकाणी इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टन नगराशी तुलना उपयोगी पडेल. पोशाखी बुटांच्या या केंद्रात १८७३ साली चर्च घराण्याने स्थापिलेली ‘चर्चेस’ ही पेढी १९९९ साली इटलीच्या ‘प्राडा’ या कंपनीने विकत घेतली. विकले गेले ते कारखान्याबरोबर एक आडनावही. कुलनाम बोधचिन्ह झाले की ते मालमत्ता ठरते आणि मालमत्तेला धनी बदलण्याची मुभा असते. ज्याला ‘जुन्या नावाचे पुनरुज्जीवन’ म्हणतात ते अनेकदा अशी मालकी बदलल्यानंतरच घडते. त्यात मालाचा कस टिकलाच तर तो नव्या धन्याच्या इच्छेने टिकतो.

‘कोल्हापुरी’ची जात निराळी आहे. २०१९ साली तिला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण लाभले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे तिच्या क्षेत्रात येतात. नोंदणी महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे तत्सम महामंडळ यांच्या नावे आहे. १९९९च्या भौगोलिक निर्देशन अधिनियमानुसार असे नाव विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, परवान्याने दुसऱ्याच्या हवालीही करता येत नाही. ज्या वर्षी चर्च घराण्याचे नाव दुसऱ्याच्या हाती गेले, त्याच वर्षी भारताने काही नावे विक्रीबाहेर ठेवणारा कायदा केला, हा योगायोग बोलका आहे.

तथापि या संरक्षणाची मर्यादा जून २०२५ मध्ये उघड झाली. त्याच प्राडा कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीच्या घाटाची पादत्राणे मांडली. तिचे नाव मात्र घेतले नाही. कायदा नावाचे रक्षण करतो आणि येथे नावच उच्चारले गेले नव्हते. पुढे टीका झाल्यावर भारतीय परंपरेचे ऋण कंपनीने मान्य केले. याविरुद्ध केलेली जनहित याचिका जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. नावाचे नोंदणीकृत स्वामी नसलेल्यांना तो अधिकार पोहोचत नाही, हे त्यामागील प्रमुख कारण होते. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी करार होऊन महाराष्ट्र व कर्नाटकात सुमारे २००० जोड बनविण्याचे आणि ते सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर झाले. जे नाव मिलानमध्ये गाळले गेले होते, ते आता मालाची किंमत वाढविण्यास उपयोगी पडले.

या घटनेकडे केवळ चोरी आणि भरपाई अशा दृष्टीने पाहिले तर मुख्य गोष्ट निसटते. नॉर्दॅम्प्टनच्या बुटावर करणाऱ्या घराण्याचे नाव येते. कोल्हापुरीवर नगराचे येते. हा भेद सहज घडलेला नाही. मराठी भाषेने पादत्राणाला आणि ते करणाऱ्याला कोणत्या स्थानी ठेवले, हे तिच्या वाक्प्रचारांवरून दिसते. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण चपलेविषयी नसून माणसांच्या उतरंडीविषयी आहे. ‘जोडे मारणे’, ‘जोडे उचलणे’ यांत वस्तू अपमानाचे वा लाचारीचे साधन होते. आणि ‘चर्मकारा’पासून आलेला जातिवाचक शब्द शिवीसारखा वापरण्याची खोड अजून समूळ गेलेली नाही. ज्या समाजात करणाऱ्याचे नाव उच्चारताना आवाज बदलत असे, त्या समाजात त्याचे नाव मालाचे भूषण होणे कठीण होते. ती जागा नगराच्या नावाने भरून काढली. ‘कोल्हापुरी’ या शब्दाने वस्तूला प्रतिष्ठा दिली, आणि त्याच शब्दाने ढोर व चर्मकार कारागिरांना त्या प्रतिष्ठेबाहेर ठेवले.

यावर असा आक्षेप घेता येईल की, समाईक नावामुळेच आठ जिल्ह्यांतील कारागिरांचे हित राखले जाते. व्यक्तिनाम आले की बलिष्ठ पेढी इतरांना गिळेल. आक्षेपात तथ्य आहे. अथणी-निपाणीकडच्या कानडीभाषक कारागिराचाही या मराठी नावात वाटा आहे, ही समाईक नावाचीच कमाई होय. परंतु समाईक नाव तपासणीवाचून राहिले तर रस्त्याकडेच्या कृत्रिम चामड्याच्या चपलेलाही तेच नाव मिळते, आणि खरा माल खोट्याच्या भावाने मोजला जातो. शिवाय कच्च्या मालाची अडचण नावाने सुटत नाही. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी बैल व वळूंपर्यंत वाढविण्यात आली. तेव्हापासून म्हशीच्या कातड्यावर मदार वाढली. सालीने कातडे कमावणे हे सावकाशीचे काम. रसायनांनी कमावलेले कातडे लवकर हाती येते. वेळेचे मोल न मिळाल्यास कारागीर लवकरचा मार्ग धरील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

यास्तव पुनरुज्जीवनाची कसोटी नावाच्या प्रसिद्धीत शोधणे चूक ठरेल. महामंडळाने आता चपलेबरोबर क्यूआर संकेत देण्यास आरंभ केला आहे. अशा खुणेतून करणाऱ्याचे नाव, गाव, कातड्याची जात आणि शिवणीची रीत गिऱ्हाइकापर्यंत पोहोचली, तर समाईक नाव न मोडता त्याच्या आत व्यक्तीला जागा मिळेल. त्याबरोबरच कापशी म्हणजे काय, वादी कशाला म्हणावे, वेणी किती पेडांची, हे धंद्यातील शब्द कारागिरांच्याच तोंडून नोंदवून प्रमाण म्हणून मान्य झाले पाहिजेत. हे काम भाषाभ्यासकाचे आहे आणि ते लांबणीवर टाकण्याजोगे नाही. कारण शिवणारा हात थांबला की या शब्दांना ऐकणारा कान उरत नाही.

तोंडवलीच्या घरात पावसाळ्यापूर्वी कोल्हापुरी पुसून, तेल लावून कोरड्या जागी ठेवली जाते. एवढ्या जपणुकीला पात्र ठरलेली वस्तू कोणी केली, हे त्या घराला माहीत नसते. नगराचे नाव माहीत असते. पुणेरी जोड्याचेही नगर सर्वांना माहीत होते.